बंदुकीचा सायलेन्सर आणि धुऱ्यावरची तार



तूर फुलावर आहे. पऱ्हाटीला बोंडे धरली आहेत. ज्यांनी अजून ज्वारी सोडलेली नाही, त्यांच्या कणसात दाणा भरतो आहे. म्हणजे जागलीचे दिवस. या दिवसांत सभेला माणूस येतो तो डोळे चोळतच.

गेल्या पंधरवड्यात आर्वीकडच्या एका गावात सभा होती. विषय कापसाच्या भावाचा. सभा संपत आली तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा मोबाईल हातात घेऊन उठला. म्हणाला, "भाऊ, भाव भेटन तवा भेटन. आदी माल तं घरी आला पायजे. बाहेरच्या देशातले शेतकरी रायफलीले सायलेन्सर लावून रातभर डुकरं मारतेत. आवाज नाई, काई नाई. तसा सायलेन्सर आपल्याले काऊन भेटत नाई?"

सभेत हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रात्रीतून एकराची ज्वारी आडवी झालेली ज्याने पाहिली, तो असा प्रश्न विचारणारच. त्या पोराला तिथे अर्धेमुर्धे उत्तर दिले. पुरे उत्तर इथे लिहितो आहे. कारण हा प्रश्न एका पोराचा नाही, आणि त्याच्या उत्तरात एक गोष्ट अशी आहे की जी आपण सभेत बोलायला कचरतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. बंदुकीचा घोडा दाबला की दारू पेटते, तिचा तापलेला वायू गोळीला ढकलतो आणि गोळीमागोमाग नळीच्या तोंडातून एकदम बाहेर फुटतो. मोठा धडाका होतो तो या वायूचा. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा डबा. त्यात आडव्या चकत्यांचे कप्पे असतात. वायू त्या कप्प्यांतून फिरत, पसरत, थोडा निवत बाहेर येतो. आपल्या ट्रॅक्टरच्या धुराड्याला जो सायलेन्सर असतो, त्याची जात हीच. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसाने १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. मशीनगन काढणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा.

सिनेमात 'फुस्' आवाज होऊन माणूस पडतो, ते खोटे. रायफलीचा बार सुमारे १६० डेसिबलचा असतो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस-तीस डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाजही दूरवर ऐकू जातो. शिवाय रायफलीची गोळी आवाजाच्या वेगाच्या दुपटी-तिपटीने धावते, त्यामुळे हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. तो कोणत्याही डब्यात बंद करता येत नाही.

मग तिकडचे लोक तो लावतात कशाला? नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड या देशांत शिकारी तो सर्रास लावतात. गोळी झाडणाऱ्याचे कान वाचतात, शेजाऱ्याची झोपमोड होत नाही, आणि बार कुठून आला हे कळपाला लवकर उमगत नाही म्हणून दुसरा-तिसरा नेम साधतो. अमेरिकेत टेक्सासकडे रानटी झालेल्या डुकरांवर रात्री अशाच रायफली चालवतात. ते त्यांच्या जागी बरोबर असेल. तिथे एकेका शेतकऱ्याची जमीन शेकडो एकर, आणि रात्री त्या रानात दुसरा माणूस नाही.

आपल्याकडे काय आहे? दोन-चार एकराची वावरे, धुऱ्याला धुरा लागून. प्रत्येक चौथ्या वावरात मचाणावर एक म्हातारा नाही तर एक पोरगा घोंगडी पांघरून बसलेला. रायफलीची गोळी चुकली तर सपाट रानात दोन-तीन किलोमीटर जाते. तिच्या वाटेत कोण आहे हे अंधारात कोणाला दिसते? बाराचा आवाज झाला की निदान आसपासचे लोक सावध होतात, हाका मारतात, कोण कुठे आहे ते कळते. आवाज ही आपल्या रानातली राखण आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो याहून स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये बंदुकीची जी व्याख्या आहे, तिच्यातच बाराचा आवाज किंवा उजेड कमी करणारा जोडभाग धरलेला आहे. म्हणजे सायलेन्सर खिशात सापडला तर विनापरवाना बंदूक सापडल्यासारखेच. वेल्डिंगच्या दुकानात पाईप कापून तो बनवण्याच्या गोष्टी मोबाईलवर कोणी दाखवत असेल, तर आपल्या पोरांनी त्या नादाला लागू नये. तुरुंगाची वाट आहे ती.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागण्याचा आपला हक्क लिहिलेला आहे. ती बंदूक कोणती? ठासणीची, म्हणजे भरमार. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्याला पटले तर आत आटे नसलेली साध्या नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे ज्या रायफलीवर सायलेन्सर बसतो, ती रायफलच पीकरक्षणाच्या या तरतुदीत नाही. बैल नसताना झूल शिवायला टाकण्यातला हा प्रकार आहे.

आता बंदुकीबाहेरचे पाहू. आपण जनावर हाकलतो ते आवाजानेच. डबे वाजवतो, गोफण फिरवतो, फटाके फोडतो, पाईपात कार्बाईड टाकून बार काढतो. अलीकडे भोंग्यावर कुत्र्यांचे भुंकणे लावतात. मी शेतकी शिकलो तेव्हा हे सारे उपाय पुस्तकात होते आणि मीही ते गावोगाव सांगत फिरलो. अनुभव तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवस डुक्कर बिचकते. पाचव्या दिवशी त्याला कळते की या आवाजाने कोणी मरत नाही. मग भोंगा भुंकत राहतो आणि डुक्कर चरत राहते. त्याची मादी चार महिन्यांत विते आणि एका वितीला चार-सहा पिल्ले सहज देते. रोह्याचे तर बोलायलाच नको. पऱ्हाटीचे शेंडे आणि तुरीचा फुलोरा असा ओरबाडतो की झाड उभे दिसते पण हाती काही लागत नाही.

याचा परिणाम पेरणीवर झाला. भुईमूग गेला. ज्वारी गेली. ज्वारी जाण्याला भाव कारण आहे, सोयाबीन कारण आहे, पाखरे कारण आहेत, आणि रानडुक्करही कारण आहे. गावातल्या चाळीस वावरांत ज्वारी असे तेव्हा नुकसान चाळीस जणांत वाटले जाई. आता दोघेच पेरतात, म्हणून सगळे कळप त्या दोघांच्या वावरात. पुढच्या वर्षी तेही पेरत नाहीत. घरची भाकर गेली, जनावरांचा कडबा गेला, आणि कोरडवाहू माणूस एकट्या कापूस-सोयाबीनच्या भावाला बांधला गेला.

म्हणून त्या पोराची मागणी चुकीची असली तरी त्याची गरज खरी आहे. त्याला असे साधन हवे आहे की जे आवाज न करता काम करील. आणि आता ती बोलायची राहिलेली गोष्ट बोलतो. आवाज न करता मारणारे साधन आपल्या रानात केव्हाच आलेले आहे. ते म्हणजे धुऱ्यावरची तार. मोटारीच्या पेटीतून लाईन घ्यायची, खुंट्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर उघडी तार ओढायची, संध्याकाळी जोडायची आणि पहाटे काढायची. खर्च नाही, परवाना नाही, आवाज नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २०१७ साली ब्रह्मपुरीकडून पकडून आणलेली एक वाघीण बोरच्या जंगलात सोडली. तिने माणसे मारली. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, त्यावर नागपूर खंडपीठात वाद झाला, बंदुकीवाले तिच्या मागावर फिरले. ऑक्टोबरमध्ये ती मेली, ती कोणाच्या गोळीने नाही. कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात शेताला लावलेल्या विजेच्या तारेने ती मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच तारेने गेला होता. वाघ मेला की बातमी दिल्लीपर्यंत जाते. तारेने शेतकरी मेला की बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत संपते.

काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या एका गावी मी अशा घरी गेलो होतो. पोराचे वय पंचवीसही नव्हते. बापाला जागलीवरून सोडवायला रात्री निघाला आणि वाट जवळ करायची म्हणून शेजारच्या वावरातून गेला. शेजाऱ्याने त्याच दिवशी तार लावली होती. पाऊस पडून गेलेला, पाय ओले. बाप दोनशे पावलांवर मचाणावर बसला होता. त्याला काहीही ऐकू आले नाही. पहाटे घरी जायला उतरला तेव्हा पोरगा धुऱ्यात पडलेला दिसला.

मेलेला आपल्या चळवळीतला, आणि तार लावणाराही आपल्याच चळवळीतला. त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही कापसाच्या भावाचा ठराव केला, विजेच्या बिलाचा ठराव केला, आणि तारेबद्दल एक शब्द काढला नाही. दोन्ही घरे दुखावतील, गावात फूट पडेल, असे आम्ही एकमेकांना समजावले. मीही गप्प बसलो. बंदुकीच्या सायलेन्सरबद्दल मला कोणी विचारले की मला ती बैठक आठवते.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. वावराला लाईनची तार लावणे बंद झाले पाहिजे, आणि ते आपण बंद केले पाहिजे. साठ वॅटचा बल्ब पाव अँपिअर वीज घेतो. माणसाचे हृदय बंद पाडायला त्याच्या निम्मी पुरते. लाईनचा प्रवाह अखंड असतो, हात-पाय आखडतात, माणूस तारेला धरून राहतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी तो सेकंदातून एकदा, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच वेळ येतो. जनावर दचकून मागे सरते आणि जिवंत राहते. पण त्याच कुंपणाला 'जोर कमी पडतो' म्हणून कोणी थेट लाईन जोडली की ते पुन्हा फासावरचे दोर झाले. तारेने माणूस मेला तर लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. एक घर पोराला मुकते आणि दुसरे कर्त्या माणसाला. डुक्कर मात्र दुसऱ्या रात्री परत येते.

आता कोणी म्हणेल, सरकारला सोडून आपल्याच माणसांना दटावता? तसे नाही. तार लावणारा हौसेने लावत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. जंगल राखायला ते आवश्यक होते, असे मीही मानतो. पण त्या दिवसापासून जनावर सरकारचे झाले आणि त्याला चारण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी राहिला. शहरातला माणूस बोरमध्ये जिप्सीतून जनावर पाहून खूष होतो. ते जनावर रात्री कोणाच्या वावरात जेवते, याचा हिशेब तिकिटात धरलेला नसतो. पिकाला रास्त भाव असता तर माणसाने स्वतःच्या पैशाने कुंपण घातले असते. भाव नाही, म्हणून कुंपण नाही. कुंपण नाही, म्हणून तार.

त्याच कायद्यात वाटही आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक झालेले जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. २०१५ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला आणि अर्जावर २४ तासांत निर्णय द्यायला सांगितले. कागद चांगला आहे. पण परवानगी मिळालेल्या हातात बंदूक कुठे आहे? जुन्या भरमारींचे परवाने बापाच्या नावावर राहून गेले. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा. नवा परवाना मागायला गेलेल्याच्या चपला झिजतात. आणि ठासणीच्या एका बाराने जखमी झालेले डुक्कर माणसावरच उलटते, दुसरा बार भरेपर्यंत ते थांबत नाही. २४ तासांची परवानगी आणि २४ वर्षांची बंदूक, असा हा मेळ आहे.

दुसऱ्या राज्यांनी काय केले तेही पाहा. बिहारमध्ये केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये रोही आणि रानडुक्कर एक वर्षासाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले आणि देशभर ओरड झाली. केरळने मे २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या प्रमुखालाच रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. काम परवानाधारक बंदूकवाल्याने करायचे. विष, स्फोटक आणि वीज यांना सक्त मनाई. मला ही दुसरी वाट बरी वाटते. जे होते ते गावाच्या डोळ्यांदेखत होते, कोणी मारले आणि किती मारले याची नोंद राहते.

म्हणून या जिल्हा सभेपुढे मी पुढील गोष्टी ठेवतो आहे. चर्चा करा, बदल सुचवा, पण निर्णय घेऊन उठा.

१. पुढच्या बैठकीपूर्वी प्रत्येक गावातल्या आपल्या कार्यकर्त्याने लाईनच्या तारा उतरवून घ्याव्यात. आधी स्वतःच्या वावरातली, मग भावकीतली. गावठी बॉम्ब आणि विषारी गोळे यांनाही हेच लागू. पोलिसांकडे नावे देण्याचे काम आपले नाही. पण सांगूनही न उतरवणाऱ्याचा बिल्ला चळवळीने काढून घ्यावा.

२. नुकसानीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यावा, एकट्याने न जाता गावाने मिळून द्यावा आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्यावी. पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांना वावरात उभे करावे. ज्याची पोच नाही त्याचे नुकसान सरकारदरबारी झालेलेच नसते.

३. मारण्याच्या परवानगीचे अर्जही असेच गावाने द्यावेत. दर अर्जाचा दिवस आणि तास वहीत लिहावा. २४ तासांत निर्णय आला की नाही, याची तालुकावार यादी आपण वनखात्यापुढे ठेवू.

४. पीक विम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कळवण्याची मुदत ७२ तास. मात्र कोणती जनावरे आणि कोणते जिल्हे हे राज्याने ठरवायचे आहे. त्या यादीत वर्धा जिल्हा, रानडुक्कर आणि रोही आहेत ना, हे प्रत्येक हंगामाआधी विचारले पाहिजे.

५. सौर कुंपणाचे अनुदान एकेका वावराला न देता शिवाराला द्यावे, ही आपली मागणी. एकाच्या वावराला कुंपण झाले की कळप शेजाऱ्याकडे वळतो. झुडपी जंगलाच्या आणि नाल्याच्या कडेने सलग कुंपण झाले तर खर्चही कमी आणि भांडणेही कमी.

६. केरळप्रमाणे गावपातळीवर आदेशाचा अधिकार मिळावा, आणि प्रत्येक तालुक्यात सरकारी खर्चाने शिकवून तयार केलेल्या परवानाधारक नेमबाजांचे पथक असावे. त्या पथकाने बंदुकीला काय लावायचे आणि काय नाही, ते जाणकार ठरवतील. त्या दिवशी गावात दवंडी होईल, जागलीवाले घरी राहतील आणि बार उघड्यावर होतील.

आर्वीकडच्या त्या पोराला एवढेच सांगणे की, बाबा, चोरून मारण्याचे साधन मागू नकोस. ते तुझ्यावरच फिरते. आपले नुकसान खरे आहे, मागणी कायद्यात बसणारी आहे, मग लपायचे कशाला? तुझ्या गावात किती वावरांना तार आहे, ते मोजून पुढच्या सभेला घेऊन ये. मीही माझ्या गावातला आकडा आणतो.